पांढऱ्या पेशीच्या अंगावरचं प्रथिन कोणत्या गुणसूत्रावरून येतं, हे कसं ठरवलं गेलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या ज्या नमुन्यात सीडी१८ दिसत नाही, त्याकडे शेवटी येईन. सीडी म्हणजे पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणांना दिलेले क्रमांक. सीडी४चं जनुक बाराव्या गुणसूत्रावर, सीडी८चं दुसऱ्यावर, सीडी११एचं सोळाव्यावर आणि त्याचाच जोडीदार असलेल्या सीडी१८चं एकविसाव्यावर, असं पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. मानवी जीनोम वाचला जाण्याच्या कितीतरी आधी हे कसं कळलं? सीडीच्या क्रमांकाचा गुणसूत्राशी काही संबंध आहे का? आणि आज संगणकावर नाव टाकलं की जागा दिसत असताना ही जुनी पद्धत समजून घेण्यात काही अर्थ आहे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. अर्थ आहे, कारण या खुणा ज्या अँटिबॉडीने ओळखतात तिला जनुक दिसत नाही. तिला पेशीच्या पृष्ठभागावरचा एक आकार दिसतो. तो आकार तिथे दिसण्यासाठी अमुक गुणसूत्र लागतं, एवढंच जुन्या प्रयोगातून थेट सिद्ध होत असे. 'लागतं' आणि 'त्यावर जनुक आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत. या क्षेत्रातल्या बहुतेक चुका या दोहोंमधल्या फटीतून आल्या आणि बहुतेक सुंदर शोधही तिथूनच आले. आजही फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीवर अँटिबॉडी बसली का ते मोजणाऱ्या यंत्रावर, एखादा रेणू 'नाही' असं दिसलं की आपण लगेच त्याच्या जनुकाकडे बोट दाखवतो. फट तीच आहे, यंत्र तेवढं बदललं आहे.

सीडी क्रमांकाचं आधी संपवू. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून येणारी एकसारखी अँटिबॉडी, बनवायची पद्धत दिली आणि पुढच्या काही वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांनी पांढऱ्या पेशींवर बसणाऱ्या अँटिबॉडींचा ढीग लावला. प्रत्येकाचं नाव वेगळं. एकाची ओकेटी४, दुसऱ्याची ल्यू-३, आणि दोन्ही बसणार एकाच रेणूवर. हा गोंधळ आवरण्यासाठी १९८२ साली पॅरिसमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली. ज्या अँटिबॉडी एकसारख्या वागतात त्यांचा एक गट करायचा आणि गटाला क्रमांक द्यायचा, अशी ती रीत. क्रमांक गट मान्य होण्याच्या ओघात पडत गेले. त्यामुळे सीडी४ आणि सीडी५ शेजारी आहेत ते फक्त यादीत. जनुकांत एक बाराव्या गुणसूत्रावर, दुसरं अकराव्यावर. क्रमांकावरून जागेबद्दल काहीही अनुमान काढू नका.

आता मूळ पद्धत. माणसात दोन गुणधर्म एकत्र वारशाने जातात का हे पाहायला कुटुंबं लागतात, पिढ्या लागतात, आणि त्या गुणधर्मात माणसामाणसांत फरक असावा लागतो. पांढऱ्या पेशींवरची बरीचशी प्रथिनं सगळ्यांत जवळजवळ सारखीच असतात, म्हणजे कुटुंबांचा उपयोग मर्यादित. एचएलए, म्हणजे अवयवरोपणात जुळवावी लागणारी पेशींवरची प्रथिनं, हा मोठा अपवाद. तिथे फरक भरपूर, त्यामुळे कुटुंबांच्या अभ्यासातूनच ते १९७४च्या सुमारास सहाव्या गुणसूत्रावर नेमलं गेलं. बाकीच्यांसाठी वाट निघाली ती पेशींच्या संकरातून. १९६७ साली वाइस आणि ग्रीन यांनी दाखवलं की माणसाची आणि उंदराची पेशी एकत्र केली, तर तयार होणारी संकरित पेशी उंदराची गुणसूत्रं जपते आणि माणसाची एकेक करून गमावते. कोणती गमावेल ते बऱ्याच अंशी योगायोगावर. निसर्गाने जणू वजाबाकीचं यंत्रच हातात दिलं.

प्रत्यक्षात हे असं चालतं. उंदराची अशी पेशी घ्यायची जिच्यात एचपीआरटी हे एन्झाइम नाही. माणसाच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींबरोबर ती मिसळायची आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल घालायचं. त्याआधी सेंडाई विषाणू वापरत. पेशीपटलं एकमेकांत विरघळतात आणि काही पेशी एक होतात. मग सगळं हॅट नावाच्या माध्यमात ठेवायचं. त्यातलं अमिनोप्टेरिन न्यूक्लिओटाइड बनवण्याची मुख्य वाट बंद करतं आणि उरते ती पर्यायी वाट, जिला एचपीआरटी आणि थायमिडिन कायनेज ही दोन्ही एन्झाइमं लागतात. एकट्या उंदीरपेशी एचपीआरटीअभावी मरतात. लिम्फोसाइट मुळात तशा वाढत नाहीत. मानवी बाजू सतत वाढणारी पेशी असेल तर ओआबेन घालायचं, जे माणसाच्या पेशींना मारतं आणि उंदराच्या पेशी त्याचा कितीतरी जास्त डोस सोसतात. दोन-तीन आठवड्यांनी बशीत ज्या वसाहती दिसतात त्या संकरित. एकेक उचलून वेगळी वाढवायची.

इथे एक बारकावा आहे जो नवख्यांच्या नजरेतून हमखास सुटतो. एचपीआरटीचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. म्हणजे हॅटमध्ये जगलेल्या प्रत्येक क्लोनमध्ये, म्हणजे एका संकरित पेशीपासून वाढलेल्या वसाहतीत, मानवी एक्स, निदान त्याचा तो तुकडा, असणारच. एक्सवरच्या कुठल्याही प्रथिनाची अँटिबॉडी लावा, सगळे क्लोन होकार देतील. सगळे 'हो' म्हणत असतील तर त्या उत्तराला माहिती म्हणून किंमत शून्य. म्हणून त्या क्लोनना उलट निवडीत टाकायचं: ६-थायोग्वानिन घालायचं, ज्याने एचपीआरटी असलेल्या पेशी मरतात. जे वाचले त्यांनी मानवी एक्स सोडलेलं असतं. आता अँटिबॉडी परत लावा. होकार गेला असेल तर एक्सकडे बघा, राहिला असेल तर दुसरीकडे. थायमिडिन कायनेज नसलेली उंदीरपेशी वापरली तर हाच प्रकार सतराव्या गुणसूत्राबाबत होतो.

पुढचा भाग हिशेबाचा. प्रत्येक क्लोनमध्ये कोणती मानवी गुणसूत्रं उरली ते पाहायचं. उंदराच्या ४० गुणसूत्रांची कंबर एका टोकाशी असते, त्यामुळे मधोमध कंबर असलेली मानवी गुणसूत्रं उठून दिसतात. शिवाय पीएच ११ला गिम्सा रंग दिला की उंदराची जांभळट आणि माणसाची फिकट निळी होतात. बँडिंग, म्हणजे गुणसूत्रांवर आडवे पट्टे उमटवणारी रंगपद्धत, १९७०नंतर आलं आणि प्रत्येक मानवी गुणसूत्र नावानिशी ओळखता येऊ लागलं. सोबत एन्झाइमांची साक्ष घ्यायची: एलडीएच-ए असेल तर अकरावं, एलडीएच-बी असेल तर बारावं, एसओडी-१ असेल तर एकविसावं. मग एका बाजूला क्लोन, दुसऱ्या बाजूला गुणसूत्रं, आणि अँटिबॉडीचा होकार-नकार कुठल्या रकान्याशी जुळतो ते शोधायचं.

किती क्लोन पुरतात? कागदावर पाच. प्रत्येक क्लोन हो किंवा नाही म्हणतो, पाच क्लोनचे ३२ नमुने होतात, आणि आपल्याला २२ अधिक एक्स अधिक वाय अशी २४ गुणसूत्रं वेगळी ओळखायची आहेत. पण असे नेटके पाच क्लोन मिळत नाहीत. दहा क्लोन घेतले आणि प्रत्येक गुणसूत्र असण्याची शक्यता निम्मी धरली, तर एखादं चुकीचं गुणसूत्र निव्वळ योगायोगाने दहाही ठिकाणी जुळण्याची शक्यता १०२४त १. चुकीची गुणसूत्रं २३ आहेत, म्हणजे त्यांपैकी कुठलंतरी जुळण्याची शक्यता साधारण २ टक्के. ठीक वाटतं. पण दोन गुणसूत्रं क्लोनांमध्ये एकत्रच टिकत असतील तर हा हिशेब कोसळतो, आणि तसं होतं. म्हणून वीस किंवा अधिक क्लोन, तेही वेगवेगळ्या संकरांतून आलेले, ही माझी किमान अपेक्षा राहिली. एकाच संकरातले वीस क्लोन म्हणजे एकाच घरातल्या वीस जणांना मत विचारल्यासारखं.

विसंगती आल्या की खरी परीक्षा सुरू होते. त्या दोन जातींच्या असतात आणि त्यांचं वजन सारखं नसतं. गुणसूत्र आहे पण अँटिबॉडी बसत नाही, ही जात सौम्य. जनुक तिथे असून गप्प असू शकतं. गुणसूत्राचा नेमका तोच भाग तुटलेला असू शकतो. गुणसूत्र दहातल्या एकाच पेशीत असू शकतं, आणि मग तो क्लोन 'हो' की 'नाही' हे ठरवणाऱ्याच्या मनावर जातं. उलट गुणसूत्र नाही आणि तरी अँटिबॉडी बसते, ही जात गंभीर. असे दोन-तीन पक्के क्लोन मिळाले तर त्या गुणसूत्राचं नाव खोडायला हवं. अर्थात आधी एक खात्री करून. माझ्याकडे एकदा असा एक क्लोन महिनोन् महिने बाकीच्या वीसांना खोटं पाडत बसला होता. अँटिबॉडी लखलखीत बसायची आणि संशयित गुणसूत्र कुठेच नाही. शेवटी सॉर्टरवर, म्हणजे पेशी निवडून वेगळ्या करणाऱ्या यंत्रावर, अँटिबॉडी बसलेल्या आणि न बसलेल्या पेशी वेगळ्या केल्या आणि दोन्हींची गुणसूत्रं पुन्हा रंगवली. बसलेल्यांत उंदराच्या एका गुणसूत्राच्या शेपटीला फिकट निळा ठिपका होता. मानवी गुणसूत्राचा तुकडा तिथे जाऊन चिकटला होता. तेव्हापासून विसंगत क्लोन टाकून द्यायचा नाही, त्यालाच आधी तपासायचं, ही माझी सवय झाली. बऱ्याचदा गुणसूत्राचा कोणता भाग लागतो हे तोच सांगतो.

पांढऱ्या पेशींच्या बाबतीत आणखी एक अडचण होती, जी सगळ्या पेशींत असणाऱ्या एन्झाइमांच्या बाबतीत नव्हती. यांतली बरीच प्रथिनं एकाच प्रकारच्या पेशीवर दिसतात. मानवी टी-पेशीचा उंदराच्या फायब्रोब्लास्टशी (संयोजी ऊतीच्या पेशीशी) संकर केला, तर टी-पेशीचा स्वभाव बहुधा विझतो. जनुक जागच्या जागी असतं, पण बोलत नाही. सगळे क्लोन 'नाही' म्हणतात आणि नकाशाचं काम ठप्प. म्हणून जोडीदार निवडताना कुळ बघावं लागे: टी-पेशीच्या प्रथिनासाठी उंदराची थायमोमा पेशी, बी-पेशीसाठी मायलोमा (दोन्ही त्या-त्या कुळातल्या कर्कपेशी), मोनोसाइट-ग्रॅन्युलोसाइट या पांढऱ्या पेशींसाठी त्यांच्याच मायलॉइड कुळातली पेशी. अशा नकारांनी भरलेल्या जुन्या तक्त्यांवरून कुणी 'हे जनुक अमुक गुणसूत्रावर नाही' असा निष्कर्ष काढत असेल तर तो मानू नका.

आता त्या फटीकडे येऊ, म्हणजे 'लागतं' आणि 'त्यावर आहे' यांच्यातल्या.

सगळ्यांत जुनं उदाहरण एचएलएच्या पहिल्या वर्गाचं. त्याची जड साखळी सहाव्या गुणसूत्रावरून येते आणि सोबतची छोटी साखळी, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, पंधराव्यावरून. हे दुसरं १९७५ साली संकरित पेशींतूनच ठरलं, आणि ते एचएलएच्या शेजारी नाही हे कळल्यावर अनेकांना आश्चर्य वाटलं. छोट्या साखळीशिवाय जड साखळी पृष्ठभागावर टिकत नाही. डाउडी नावाची बर्किट लिम्फोमा या कर्करोगाची पेशी याचा पुरावा आहे: बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन बनत नाही म्हणून तिच्यावर एचएलए दिसत नाही, आणि दुसऱ्या मानवी पेशीशी संकर केला की डाउडीचं स्वतःचं एचएलएही वर येतं. मग संकरित पेशीत एचएलए दिसायला सहावं आणि पंधरावं अशी दोन्ही गुणसूत्रं लागायला हवीत. पण तसं होत नाही, कारण उंदराची छोटी साखळी मानवी जड साखळीला वर नेण्याचं काम निभावते. सगळं सहाव्याशी जुळतं.

यात आणखी एक पदर आहे आणि तो मला आजही थक्क करतो. डब्ल्यू६/३२ ही एचएलएवरची फार प्रसिद्ध अँटिबॉडी. ती जड साखळी कुठल्या बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनबरोबर आहे ते बघते. माणसाचं चालतं, गाईचं चालतं, उंदराचं चालत नाही. तरी पंधरावं मानवी गुणसूत्र नसलेल्या संकरित पेशींवर ती बसायची. उत्तर पेशीत नव्हतंच, ते माध्यमात होतं. पेशी वाढवण्यासाठी घातलेल्या वासराच्या सीरममधलं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन पृष्ठभागावर येऊन उंदराच्या साखळीची जागा घेत होतं. म्हणजे तक्त्यातला तो होकार अर्धा मानवी जनुकाचा आणि अर्धा वासराच्या सीरमचा. सीरम बदलल्यावर कुणाचा निकाल बदलला तर त्याने स्वतःच्या हाताला दोष देण्याआधी हे आठवावं.

दुसरं उदाहरण सर्वांत शिकवणारं, कारण त्यात एक आजार सुटला. एलएफए-१ हा पांढऱ्या पेशीला चिकटून राहायला मदत करणारा रेणू दोन साखळ्यांचा आहे: अल्फा म्हणजे सीडी११ए आणि बीटा म्हणजे सीडी१८. मॅक-१ आणि पी१५०,९५ या भावंडांच्या अल्फा साखळ्या वेगळ्या, सीडी११बी आणि सीडी११सी, पण बीटा तीच. काही बाळांत हे तिन्ही रेणू एकदम गायब असतात. नाळ उशिरा गळते, वारंवार जिवाणूंचे संसर्ग होतात, रक्तात न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) उदंड असूनही जखमेत पू होत नाही, कारण त्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडताच येत नाही. तीन रेणू एकदम गेले म्हणजे दोष समान साखळीत असावा, हा अंदाज सोपा. पण पुरावा? अशा रुग्णांच्या पेशींत अल्फा साखळीचं पूर्वरूप आत बनत होतं, वर येत नव्हतं.

१९८६ साली प्रसिद्ध झालेल्या कामात या पेशींचा उंदराच्या टी-लिम्फोमा पेशींशी संकर केला गेला. रुग्णाची मानवी अल्फा साखळी उंदराच्या बीटा साखळीला धरून पृष्ठभागावर आली. म्हणजे अल्फा धड होती, तिला फक्त जोडीदार हवा होता. रुग्णाची मानवी बीटा मात्र उंदराची अल्फा मिळूनही आली नाही. दोष बीटामध्ये, हे असं एका प्रयोगात हातात आलं. निरोगी माणसाच्या पेशींपासून बनवलेल्या तशाच संकरांतून अल्फा सोळाव्या गुणसूत्राशी आणि बीटा एकविसाव्याशी जुळली. पुढे तिन्ही अल्फा साखळ्यांची जनुकं सोळाव्याच्या आखूड भुजेवर, १६पी११ भागात, एकमेकांजवळ सापडली. सीडी१८ एकविसाव्याच्या लांब भुजेच्या टोकाकडे, २१क्यू२२ मध्ये. डाउन सिंड्रोममध्ये एकविसावं तीन प्रतींत असतं, त्यामुळे त्या पेशींवर एलएफए-१ वाढलेलं असतं का हा प्रश्न लगोलग आला आणि तशी वाढ नोंदवलीही गेली. इथे उंदराच्या साखळीने मदत केली नसती, तर तक्ता 'सोळा आणि एकवीस दोन्ही हवीत' असं सांगून थांबला असता. एका साखळीची अँटिबॉडी वेगळी आणि दुसरीची वेगळी असणं किती महत्त्वाचं होतं ते यातून दिसतं.

सीडी१५ ही तिसरी तऱ्हा. ग्रॅन्युलोसाइटवर भरभरून दिसणारी ही खूण प्रथिन नाहीच, ती साखरेची एक छोटी रचना आहे. मायलॉइड संकरित पेशींत तिचं दिसणं अकराव्या गुणसूत्राशी बांधलेलं आढळलं. मग 'सीडी१५चं जनुक' अकराव्यावर आहे का? तिथे आहे ते फ्युकोज साखर जोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक, आज त्याला एफयूटी४ म्हणतात आणि ते ११क्यू२१ला आहे. तक्ता बरोबर, पण वाक्य 'सीडी१५ अकराव्यावर आहे' असं लिहिलं की वाचणाऱ्याची समजूत चुकते. अँटिबॉडी साखरेवर बसते की प्रथिनावर, हे आधी तपासावं.

चौथं सीडी९९. ल्युकेमियाच्या टी-पेशी वापरून मिळवलेल्या १२ई७ या अँटिबॉडीने तक्त्याची सगळी शिस्त मोडली. मानवी एक्स असलेले संकर होकार देत. पण एक्स नसलेले आणि वाय असलेले काही संकरही होकार देत. गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी १९८३च्या सुमारास ती विसंगती तशीच स्वीकारली: जनुक दोन्हींवर आहे. एक्स आणि वायच्या आखूड भुजांच्या टोकाला सुमारे २७ लाख बेसजोड्यांचा एक सामायिक पट्टा आहे, जिथे वडिलांच्या शुक्रपेशी बनताना दोन्ही गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलतात. माणसात त्या पट्ट्यातलं नावानिशी ओळखलेलं पहिलं जनुक हेच. 'एका जनुकाला एकच गुणसूत्र' हे गृहीत धरून विसंगत क्लोन कुणी फेकले असते तर हे हाती लागलंच नसतं.

एकाच गुणसूत्राच्या आत जागा शोधायची युक्तीही अँटिबॉडीनेच दिली. चिनी हॅमस्टरच्या पेशीत फक्त मानवी अकरावं ठेवायचं, किरणोत्सर्ग किंवा रसायनाने ते तोडायचं, आणि अकराव्यावरच्या प्रथिनाची अँटिबॉडी कॉम्प्लिमेंटसह (अँटिबॉडी बसलेली पेशी फोडणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांसह) घालायची. ज्यांच्यावर ते प्रथिन आहे त्या पेशी फुटून मरतात. वाचतात त्यांनी ते जनुक आणि सहसा आजूबाजूचा भाग गमावलेला असतो. कुणी किती गमावलं याची तुलना केली की जागा अरुंद होत जाते. सीडी५९ या मार्गानेही ११पी१३ भागात बसवता आलं.

१९८०च्या मध्यानंतर जनुकांच्या डीएनए प्रती हातात येऊ लागल्या आणि खेळ पालटला. आता प्रथिन दिसण्याची वाट पाहायची गरज उरली नाही. संकरित पेशींचा डीएनए एन्झाइमने कापायचा, सदर्न ब्लॉट करायचा, म्हणजे तुकडे लांबीनुसार वेगळे करून हवं ते जनुक प्रोबने (त्याला चिकटणाऱ्या खुणेच्या डीएनए तुकड्याने) शोधायचं, आणि मानवी पट्टा उंदराच्या पट्ट्याहून वेगळा दिसेल असं एन्झाइम निवडायचं. जनुक गप्प असलं तरी पट्टा दिसतो, म्हणून दोन्ही जातींच्या विसंगतींचं वजन इथे सारखं होतं. नवा धोका आला तो छद्मजनुकांचा (जनुकांच्या निकामी प्रतींचा) आणि जवळच्या नातलग जनुकांचा: एकाच प्रोबला तीन पट्टे, आणि त्यांतला खरा कोणता? दुसरी वाट थेट गुणसूत्रावर प्रोब बसवण्याची. आधी ट्रिशियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) लावलेले प्रोब, फिल्मवर आठवडे थांबणं, आणि मग पन्नास-शंभर पेशींत कुठल्या बँडवर किती चांदीचे कण पडले ते मोजणं. पुढे बायोटिन लावलेले प्रोब आले. १९८८ साली त्यांनी सीडी१ची जनुकं पहिल्या गुणसूत्रावर दाखवली. हा निकाल महत्त्वाचा, कारण सीडी१ दिसायला एचएलएच्या पहिल्या वर्गासारखं आणि तेही बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनबरोबरच फिरणारं. रूप आणि जोडीदार सारखे असूनही ते सहाव्यावर नाही.

नकाशा भरत गेला तशी वस्ती कशी पसरली आहे ते दिसू लागलं. पहिल्या गुणसूत्रावर सीडी१, सीडी२, त्याच्याशी जोडी जमवणारं सीडी५८, पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीशी अडकवणारी तिन्ही सिलेक्टिन, सीडी४५, शिवाय सीडी४६, सीडी५५, सीडी३५, सीडी२१ हा कॉम्प्लिमेंट आवरणाऱ्यांचा जथा. सीडी२ आणि सीडी५८ एकमेकांना धरतात आणि दोन्ही १पी१३लाच, म्हणजे एका पूर्वज जनुकाच्या दोन प्रती दूर जाऊन एकमेकींच्या जोडीदार झाल्या असाव्यात, असा विचार करायला जागा आहे. सीडी८चं जनुक दुसऱ्याच्या आखूड भुजेवर, इम्युनोग्लोब्युलिनच्या, म्हणजे अँटिबॉडीच्या, कॅपा साखळीच्या जनुकाशेजारी. उंदरातही ही दोन जनुकं शेजारीच आहेत.

सगळ्यांत थेट उपयोग अकराव्याच्या लांब भुजेवर झाला. सीडी३च्या गॅमा, डेल्टा आणि एप्सिलॉन साखळ्यांची जनुकं ११क्यू२३ला दाटीने बसली आहेत. लहान बाळांच्या ल्युकेमियात वारंवार तुटणारा भाग तोच. तुटण्याची जागा सीडी३च्या अलीकडे की पलीकडे, हे प्रोब लावून पाहता येत होतं. १९९० साली सीडी३ची जनुकं ज्यात आहेत असा डीएनएचा एक मोठा सलग तुकडा सापडला, आणि अनेक रुग्णांच्या पेशींत तो तुटण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना विभागलेला दिसला. पुढच्याच वर्षी तिथलं एमएलएल जनुक, आजचं केएमटी२ए, ओळखलं गेलं. टी-पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचा नकाशा काढणाऱ्यांनी ल्युकेमियाच्या जनुकाच्या दारापर्यंत वाट नेऊन ठेवली होती.

आजच्या कामासाठी तुम्हाला काय सांगू? जागा डेटाबेसमधूनच घ्या, पण तीन गोष्टी पाहून. सीडी नाव आणि जनुकाचं नाव वेगळं असतं: सीडी११बी म्हणजे आयटीजीएएम, सीडी१८ म्हणजे आयटीजीबी२, सीडी४५ म्हणजे पीटीपीआरसी. सीडी४५आरए आणि सीडी४५आरओ ही दोन जनुकं नाहीत, एकाच जनुकाचे वेगवेगळे जोडलेले संदेश आहेत. उलट सीडी१६ हे एक नाव आणि जनुकं दोन, एफसीजीआर३ए आणि एफसीजीआर३बी, १क्यू२३ला शेजारीशेजारी, इतकी सारखी की छोट्या तुकड्यांचं वाचन एकाचं दुसऱ्यावर टाकतं, आणि माणसागणिक त्यांच्या प्रतींची संख्याही बदलते. एचएलएचा भाग आणि १९क्यू१३वरचा केआयआर (नॅचरल किलर पेशींवरच्या रिसेप्टरांच्या) जनुकांचा भागही तसाच, तिथे संदर्भ जीनोम हा अनेक शक्य रूपांपैकी एक आहे. आणि जुना शोधनिबंध वाचताना आकडे जीनोमच्या ज्या आवृत्तीवर आहेत ते बघा. बँडचं नाव टिकतं, बेसचा क्रमांक आवृत्तीबरोबर सरकतो.

तुम्ही लिहिलं आहे की तुमच्या एका नमुन्यात सीडी१८ दिसत नाही आणि तुम्ही आयटीजीबी२चं वाचन करायला निघाला आहात. त्याआधी सीडी११ए, बी, सी वेगवेगळ्या अँटिबॉडींनी बघा, सीडी१८साठी दुसऱ्या जागी बसणारी दुसरी अँटिबॉडी लावा, आणि पेशी छिद्रित करून आतही रंगवा. तिन्ही अल्फा वर नसतील आणि आत बीटा नसेल तर वाचन करा. एकच अल्फा नसेल तर एकविसावं सोडून सोळाव्याकडे वळा. सगळ्या अल्फा जागेवर असतील आणि फक्त तुमची सीडी१८ची अँटिबॉडी बसत नसेल, तर आधी अँटिबॉडीची बाटली बदला.